रेसीफेचे तालाचार्य : नाना वास्कोन्सेलोस

दक्षिण अमेरिकेचा नकाशा समोर धरला, तर ब्राझील देशाचा पूर्वेकडील कांठ आफ्रिकेच्या दिशेनें पुढें सरकलेला दिसतो. त्याच कांठावर पेर्नांबुको प्रांताची राजधानी रेसीफे हें बंदर वसलें आहे. उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने हें या प्रांताचें जुनें वैभव. आणि ज्यांच्या घामावर तें वैभव उभें राहिलें, ते लोक आफ्रिकेंतून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेले. तीन शतकांहून अधिक काळांत सुमारें ४८ लाख आफ्रिकी माणसें ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविलीं गेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अमेरिका खंडांतील दुसऱ्या कोणत्याहि देशांत एवढे गुलाम नेले गेले नाहींत; आणि गुलामगिरी कायद्यानें बंद करण्यांतहि त्या खंडांत ब्राझीलच सर्वांत शेवटचा ठरला. तो दिवस १३ मे १८८८.

जहाजांतून उतरणाऱ्या माणसाच्या हातीं कांहीं नव्हतें. त्याचें नांव मालकानें बदललें, देव पाद्र्यांनीं बदलले, भाषा हळूहळू पुसत गेली. ताल मात्र काढून घेण्यासारखा नव्हता. तो हातांत होता आणि पायांत होता.

या रेसीफे नगरांत २ ऑगस्ट १९४४ रोजीं जुवेनाल दि ओलांदा वास्कोन्सेलोस यांचा जन्म झाला. जग त्यांस नाना या नांवानेंच ओळखतें. हें नांव मराठी कानांस अगदीं घरचें वाटेल. परंतु त्याचा उच्चार दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन करावयाचा असतो, एवढाच काय तो भेद. तालवाद्यांचा एक साधा साथीदार जगाच्या रंगमंचावर कसा पोंचला, ही त्यांच्या चरित्राची ठळक बाजू आहे आणि ती पुष्कळांनीं सांगितली आहे. तेथून परत येऊन त्यांनीं आपल्या गांवच्या ढोलकऱ्यांसाठीं व मुलांसाठीं काय केलें, ही बाजू त्या मानानें मागें पडते. खरें मोल तिचेंच अधिक आहे.

परंतु रेसीफेच्या ढोलांची कुळकथा सांगितल्यावांचून ही कथा उमगणार नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गुलामांना आपसांत एक राजा निवडण्याची मुभा असे. ‘काँगोचा राजा’ ही त्याची पदवी. काळ्या लोकांनीं रोझरी मातेच्या नांवें स्थापिलेल्या धर्मसंघांच्या आश्रयानें त्याचा व त्याच्या राणीचा राज्याभिषेक होई. ही मुभा उदारपणाची नव्हती. राजाकरवीं गुलाम धाकांत राहावेत, हा हेतु उघड होता. पण मिरवणुकीस परवानगी मिळाली आणि मिरवणुकीबरोबर ढोलांसहि मिळाली. पुढें गुलामगिरी गेली, राजाचें पद गेलें. मिरवणूक मात्र कार्निव्हलच्या उत्सवांत शिरून जिवंत राहिली. तिलाच ‘माराकातू’ म्हणतात. आजहि तींत भरजरी वस्त्रांतील राजा-राणी मोठ्या छत्राखालून चालतात, एक मानकरीण ‘कालुंगा’ नांवाची पूज्य बाहुली हातीं धरून नाचते, आणि मागें ढोलांचा ताफा असतो. अशा प्रत्येक ताफ्यास ‘राष्ट्र’ म्हणण्याची तेथील रीत आहे. ‘एलेफांते’ हें राष्ट्र १८०० पासूनचें, तर ‘लेआंव कोरोआदो’ म्हणजे ‘मुकुटधारी सिंह’ हें १८६३ पासूनचें मानलें जातें. ज्यांना देशच उरला नव्हता त्यांनीं आपल्या वाद्यवृंदास राष्ट्र म्हणावें, यांत इतिहासाचें मोठें मर्म सांठलें आहे.

या राष्ट्रांचा मुख्य ढोल म्हणजे आल्फाया. पिंपासारखें लाकडी खोड, दोन्ही तोंडांस कातडें, आणि तें ताणण्यास दोरांची वीण. खांद्यास अडकवून तो दोन लाकडी टिपऱ्यांनीं वाजवितात. जोडीस ताशासारखा कडक बोलणारा काइशा, लोखंडी घंटेचा गोंगे आणि मण्यांचें जाळें चढविलेला भोंपळा. शेंकडों ढोल एकदम उठले म्हणजे आवाज कानापेक्षां छातींतच आधीं पोंचतो.

सभ्य म्हणविणाऱ्या समाजास हा आवाज सोसत नसे. एकोणिसाव्या शतकांतील रेसीफेच्या वर्तमानपत्रांत माराकातूच्या गोंगाटाविरुद्ध तक्रारी छापून येत आणि पोलिसांनीं त्याचा बंदोबस्त करावा, असा आग्रह असे. १८९० च्या दंडसंहितेनें कापोएरा ही आफ्रिकी वंशाच्या लोकांची मल्लक्रीडा गुन्हा ठरविली. रस्त्यांत ती खेळणाऱ्यास दोन ते सहा महिन्यांची कैद असे. १९३७ नंतरच्या हुकूमशाहींत रेसीफेंतील आफ्रिकी देवघरांवर धाडी पडल्या आणि पूजेचे ढोल जप्त झाले. १९३८ सालीं साओ पावलो शहरानें लोकसंगीताच्या संशोधनासाठीं पाठविलेली मंडळी रेसीफेंत आली, तेव्हां अशा जप्त वस्तूंपैकीं कांहीं त्यांस पोलिसांकडून मिळाल्या. संशोधकाला पूजेचें वाद्य पोलिसठाण्यांत सांपडावें, हें त्या काळाचें चित्र. नाना जन्मले, तेव्हां ही राजवट अजून संपावयाची होती.

त्यांचे वडील गिटार वाजवीत. घरांतील भांडीं बडविणारा मुलगा बाराव्या वर्षींच वडिलांच्या वाद्यवृंदांत बसूं लागला. हातीं बोंगोची जोडी आणि माराका नांवाचे खुळखुळे. रात्रींच्या करमणुकीच्या ठिकाणीं नृत्याला साथ करणें, हें त्यांचें पहिलें शिक्षण. ताल त्यांनीं पोथींतून घेतला नाहीं, कानानें घेतला. पुढें ते पाश्चात्त्य पद्धतीचा ड्रमसंच वाजवूं लागले. आपल्यावर कोणाचें ऋण आहे असें विचारल्यास ते दोन नांवें घेत : एक ब्राझीलचे थोर संगीतकार विल्ला-लोबोस यांचें, आणि दुसरें अमेरिकेचा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याचें. जोडी विचित्र दिसते खरी. पण एकानें अरण्य वाद्यवृंदांत आणलें आणि दुसऱ्यानें सहा तारांतून वादळ उठविलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तींत नवल उरत नाहीं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ते रिओ द जानेरोस गेले. १९६४ पासून देशावर लष्कराचा अंमल होता. १९६८ च्या सुमारास राजवटीच्या रोषास पात्र झालेला गायक जेराल्दो वांद्रे याच्या साथीच्या चौकडींत नाना होते. त्या वर्षाच्या डिसेंबरांत लष्करानें उरलेसुरले नागरिक हक्कहि गुंडाळून ठेवले आणि वांद्रे यांस देश सोडावा लागला. मिल्टन नासिमेंतो या कृष्णवर्णी गायकाशीं नानांचा स्नेह जुळला तो याच काळांत. १९७३ सालीं मिल्टन यांनीं एक ध्वनिमुद्रिका काढावयास घेतली, तेव्हां परीक्षकांनीं कांहीं गीतांचे शब्दच नामंजूर केले. मिल्टन यांनीं चाली टाकल्या नाहींत. शब्दांवांचून नुसत्या कंठस्वरांत त्या गाइल्या. ‘मिलाग्रे दोस पेशेस’ या त्या मुद्रिकेंत नानांचीं तालवाद्यें व त्यांचा कंठ ऐकूं येतो. शब्दांस बंदी झाली, पण हुंकार, आरोळी आणि ढोल यांना बंदी घालण्याची युक्ति कोणत्याहि परीक्षकास सुचली नाहीं.

ज्या वाद्याशीं नानांचें नांव कायमचें जोडलें गेलें, तें बेरिंबाव. याची रचना पाहिली तर एखाद्यास हसूं येईल. माणसाच्या छातीपर्यंत येईल असें एक लवचिक लाकूड, त्यास धनुष्याप्रमाणें ताणलेली पोलादी तार, आणि खालच्या टोकाशीं दोरीनें बांधलेला कापलेला भोंपळा. डाव्या हाताच्या करंगळीनें सारा भार तोलावयाचा, त्याच हाताच्या अंगठा व तर्जनी यांत एक नाणें किंवा खडा धरून तारेस टेंकवावयाचा. उजव्या हातांत बारीक छडी आणि बिया भरलेली वेताची लहान टोपली. भोंपळ्याचें तोंड पोटाशीं नेलें कीं आवाज मिटतो, दूर केलें कीं उमलतो. म्हणजे वादकाचें शरीरच या वाद्याचा एक भाग असतें. हें धनुष्य अंगोला व त्याच्या आसपासच्या आफ्रिकी मुलखांतून ब्राझीलमध्यें आलें. त्याचें एक भावंड भारतांतहि आहे : गुजरातेंतील सिद्दी लोकांच्या हातीं ‘मलुंगा’ नांवाचें असेंच भोंपळा बांधलेलें धनुष्य असतें. जंजिऱ्याच्या सिद्द्यांमुळें महाराष्ट्रास हें नांव इतिहासांतून परिचित आहे. एकाच खंडांतून निघालेलीं माणसें पूर्वेस व पश्चिमेस नेलीं गेलीं, आणि दोन महासागरांच्या कांठीं एकच भोंपळा वाजत राहिला.

ब्राझीलमध्यें बेरिंबाव हें कापोएराचें वाद्य. खेळाडूंच्या रिंगणांत त्याचा ठेका चाले आणि त्यापलीकडे त्याच्याकडून कोणी कांहीं अपेक्षा करीत नसे. नाना कापोएराच्या आखाड्यांतून आलेले नव्हते; ते वयांत आल्यावर, ढोलवादक म्हणून, या वाद्याकडे वळले. त्यामुळें त्याची मर्यादा त्यांस कोणी शिकविली नव्हती. दोन-तीन स्वरांच्या त्या तारेंतून त्यांनीं गुंजारव काढला, भोंपळ्यावर, लाकडावर, तारेच्या खालच्या तुकड्यावर आघात केले, आणि त्यांत आपला कंठ मिसळला. एका तारेवर मैफल उभी राहूं शकते, हें प्रथमच सिद्ध झालें. तुणतुण्याला साथीच्या पलीकडे जाऊं न देणाऱ्यांनीं हें वादन अवश्य ऐकावें.

अर्जेंटिनाचा सॅक्सोफोनवादक गातो बार्बिएरी यानें त्यांना देशाबाहेर नेलें. १८ जून १९७१ रोजीं स्वित्झर्लंडांतील माँत्र्यो येथील महोत्सवांत ते बार्बिएरीच्या साथीला होते. त्यानंतर त्यांनीं पॅरिसला मुक्काम केला आणि तेथें ‘आफ्रिकादेऊस’ ही आपली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. १९७६ च्या नोव्हेंबरांत ऑस्लो येथें एग्बेर्तो जिस्मोंती या ब्राझीलच्याच वादकासह त्यांनीं ‘दांसा दास काबेसास’ ही मुद्रिका केली. दोन मुलें घनदाट, ओलसर अरण्यांतून चालत आहेत, एवढीच कल्पना जिस्मोंतीनें त्यांच्यापुढें मांडली होती. नानांना तेवढी पुरली.

मार्च १९७९ मध्यें जर्मनींत स्टुटगार्ट आकाशवाणीच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांचें बेरिंबाव ध्वनिमुद्रित झालें. त्या मुद्रिकेचें नांव ‘सौदादेस’. दूर गेलेल्या माणसांची व घराची हुरहुर, असा या पोर्तुगीज शब्दाचा भाव आहे. गोमंतकांतील जुन्या पिढीस तो निराळा समजावून सांगावयास नको. येथें व्हायोलिनांचा समूह बेरिंबावास उच्च कुळांत दत्तक घेत नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तार आपल्याच बोलींत बोलते आणि वाद्यवृंद तिच्या भोंवतीं जागा करून देतो. लोकवाद्याला ‘शास्त्रीय’ कपडे चढविले म्हणजे त्याचा उद्धार झाला, अशी समजूत पुष्कळ देशांत आहे. नानांनीं ती पाळली नाहीं.

याच सुमारास ‘कोदोना’ हें त्रिकूट जमलें. कॉलिन, डॉन आणि नाना या तीन नांवांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें. डॉन चेरी हा अमेरिकन कृष्णवर्णी तुतारीवादक. कॉलिन वॉलकॉट हा गोरा अमेरिकन. त्यानें सतार पंडित रविशंकर यांच्याकडे आणि तबला मुंबईचे उस्ताद अल्लारखा यांच्याकडे अभ्यासिला होता. सतार, तबला, आफ्रिकेंतील शिकाऱ्यांची वीणा, तुतारी आणि बेरिंबाव हीं एकत्र आलीं. १९७८ ते १९८२ या काळांत त्यांनीं तीन मुद्रिका केल्या. नोव्हेंबर १९८४ मध्यें पूर्व जर्मनींत मोटार-अपघातांत वॉलकॉटचा अंत झाला आणि त्रिकूट संपलें. वॉलकॉट ज्या दुसऱ्या वृंदांत वाजवीत असे, त्या ‘ऑरेगन’मधील त्याची जागा पुढें गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनीं घेतली, हा मुंबईशीं जुळणारा आणखी एक धागा. नाना त्या दशकांत न्यूयॉर्कला राहत होते. ‘डाउनबीट’ या अमेरिकन मासिकाच्या समीक्षकांनीं तालवादकांत त्यांस पुनःपुन्हा अग्रस्थान दिलें. या मानसन्मानांची यादी येथें वाढवीत नेण्याचें कारण नाहीं.

कारण त्यांच्या आयुष्यांतील निराळ्या कार्याचें बीज पॅरिसमध्येंच पडलें होतें. तेथील एका मनोरुग्णालयांत मानसिक व्यथा जडलेल्या मुलांबरोबर त्यांनीं सुमारें दोन वर्षें काम केलें. या मुलांपुढें सरगम किंवा स्वरलिपि मांडून कांहीं होण्यासारखें नव्हतें, आणि शिक्षकाची मातृभाषाहि मुलांची नव्हती. मग उरलें काय? टाळी, चुटकी, श्वास, मांडीवरची थाप, पायाचा ठेका. पहिलें वाद्य कंठ आणि सर्वांत उत्तम वाद्य शरीर, असें नाना जन्मभर सांगत आले. भारतीय परंपरेंत नारदीय शिक्षेनें लांकडाच्या वीणेबरोबर ‘गात्रवीणा’ सांगितली आहे, म्हणजे शरीर हीच वीणा. नानांना तें शास्त्र ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण अनुभवानें ते त्याच ठिकाणीं पोंचले. त्यांच्या कार्यक्रमांत ते श्रोत्यांनाच वादक करीत. आधीं बोटांच्या हलक्या चुटक्या, मग टाळ्या, मग मांड्यांवर थापा, मग पाय. आणि पाहतां पाहतां सभागृहांत अरण्यांतला पाऊस कोसळूं लागे. तिकीट काढून ऐकावयास आलेला माणूस घरीं जातांना आपण वाजविलें असें समजून जाई. शिक्षण याहून निराळें तें काय?

१९९० च्या दशकांत त्यांचें लक्ष पुन्हा मायदेशाकडे वळलें. १९९४ पासून साल्वादोर येथें भरूं लागलेल्या जागतिक तालवाद्य-महोत्सवाचें मार्गदर्शन त्यांनीं गायक जिल्बेर्तो जिल यांच्यासह केलें. पुढें ते रेसीफेसच स्थायिक झाले. ‘आ-बे-से म्यूझिकल’, म्हणजे संगीताची बाराखडी, या नांवाच्या उपक्रमांत ते निरनिराळ्या शहरांतील लहान मुलांना जमवीत. त्यांत गरिबांचीं मुलें पुष्कळ. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलास या शाळेंत उणेपणा वाटण्याचा प्रश्नच नव्हता. बाराखडीचें पहिलें अक्षर त्याच्या तळहातांत होतें. एरवीं ज्या मुलांना सभागृहाचें दारहि दिसलें नसतें, तीं वाद्यवृंदाबरोबर रंगमंचावर उभीं राहून गात.

२०१० च्या सुमारास या कामानें समुद्र ओलांडला. ‘लिंग्वा मांय’, म्हणजे मातृभाषा, या उपक्रमांत ब्राझील, पोर्तुगाल आणि अंगोला या तीन देशांतील मुलें एकत्र गाइलीं. कल्पना साधी दिसते. परंतु हे तीन बिंदु नकाशावर जोडून पाहावेत. लिस्बनहून लुआंडाकडे आणि लुआंडाहून रेसीफेकडे : गुलामांचीं जहाजें याच रेषांवरून गेलीं होतीं, आणि या मुलांची समान भाषा ही मालकांची भाषा होती. नानांनीं त्या रेषा पुसल्या नाहींत. त्यांच्यावरून मुलांचे आवाज नेले.

आणि आतां कार्निव्हलची शुक्रवारची रात्र. या शतकाच्या आरंभीं रेसीफे नगरपालिकेनें उत्सवाच्या उद्‌घाटनाची जबाबदारी नानांकडे दिली. तेव्हांपासून सुमारें पंधरा वर्षें, दरसाल बंदरालगतच्या ‘मार्को झेरो’ चौकांत निरनिराळ्या माराकातू राष्ट्रांचे ढोलकरी त्यांच्या इशाऱ्यावर वाजवीत आले. अलीकडील वर्षांत ही संख्या पांचशेंच्या आसपास असे. ज्या शहराच्या वर्तमानपत्रांनीं एके काळीं हे ढोल बंद करा म्हणून मागणी केली, त्या शहराचा सर्वांत मोठा उत्सव याच ढोलांनीं सुरू होऊं लागला.

हें काम दिसतें तितकें सरळ नव्हतें. राष्ट्रांराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. प्रत्येकाचा ठेका निराळा, लय निराळी, आणि तो निराळेपणा हाच अभिमानाचा विषय. शिवाय मागें देवघर असतें; ठेका बदलणें ही नुसती संगीताची गोष्ट राहत नाहीं. उत्सवाच्या आधीं कित्येक आठवडे नाना वस्त्यावस्त्यांत जाऊन, त्या त्या राष्ट्राच्या दारांत तालमी घेत. तरीहि एक प्रश्न उरतोच. पांचशें ढोल एका हुकमावर वाजवावयाचे, तर प्रत्येकास आपल्या ठेक्याचा थोडा भाग घरीं ठेवून यावें लागतें, आणि प्रेक्षकांसाठीं रचलेल्या देखाव्यांत बारीक भेद बुजण्याचें भय असतें. भय खोटें नाहीं. परंतु बाजूच्या गल्लींतून अपुऱ्या दिव्यांत चालणाऱ्या ढोलकऱ्यास शहरानें मुख्य चौकांत उभें करावें, हा लाभहि लहान नव्हे. आणि शनिवारपासून प्रत्येक राष्ट्र आपल्या छत्राखालीं आपलाच ठेका वाजवीत जाई. एका रात्रीच्या ऐक्यासाठीं कायमचा निराळेपणा कोणी गहाण टाकला नाहीं. नानांनींहि तो मागितला नव्हता.

२०१५ सालीं पेर्नांबुकोच्या केंद्रीय ग्रामीण विद्यापीठानें त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. त्याच वर्षीं फुप्फुसाच्या कर्करोगाचें निदान झालें. उपचार चालू असतां काम थांबलें नाहीं. आले आब्रेऊ यांच्या ‘मुलगा आणि जग’ या चित्रपटाच्या संगीतांत त्यांचा वांटा होता. हा शब्दांवांचून चालणारा ब्राझीलचा चलच्चित्रपट २०१६ च्या आरंभीं ऑस्करच्या स्पर्धेंत होता. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शुक्रवारीं कार्निव्हलचें उद्‌घाटन त्यांनींच केलें. त्यानंतर पांच आठवडेहि लोटले नाहींत, तोंच ९ मार्च रोजीं रेसीफे येथें त्यांचें निधन झालें. वय ७१ वर्षें होतें.

त्यांचा देह प्रांताच्या विधिमंडळाच्या इमारतींत दर्शनासाठीं ठेवण्यांत आला. तेथून सांतो आमारोच्या दफनभूमीकडे नेतांना माराकातूचे ढोलकरी बरोबर होते. आल्फाया वाजत होते, आणि त्या दिवशीं ते थांबवा म्हणून पोलिसांना कोणी सांगितलें नाहीं.